समुद्रघोड्याच्या नराने काय खाल्लं, याचा पिल्लांवर परिणाम होतो का?

तुमचे प्रश्न दोन. समुद्रघोड्यात पिल्लं नराच्या पोटात वाढतात, मग आई-बापापैकी कुणाचं खाणं पिल्लांना लागू पडतं? आणि हे घरी टाकीत पाळून बघता येईल का?

पहिल्याचं उत्तर: दोघांचंही. फक्त दोघांची वेळ वेगळी.

सोलापुरात माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. समुद्र इथून लांब, आमच्याकडे मासा म्हटलं की उजनीचा चिलापी. पण शिकलोय प्राणिशास्त्र, आणि गप्पी-मॉलीची बाळंतपणं रोज डोळ्यांसमोर चालू असतात, त्यामुळे असा प्रश्न दिसला की राहवत नाही.

आधी ते 'पोटात' जरा दुरुस्त करून घेऊ. नराच्या शेपटीवर पुढच्या बाजूला, पोटाच्या लगेच खाली, कातडीची थैली असते. मादी आपली अंडी या थैलीत सोडते आणि नर ती आतच फलित करतो. मग थैलीचं अस्तर जाड होतं, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं आणि एकेक अंडं त्या अस्तरात रुतून बसतं. पिल्लांना प्राणवायू देणं, त्यांची घाण काढणं, क्षारांचं प्रमाण सांभाळणं, जंतूंपासून राखणं, हा सगळा संसार नर बघतो. जात आणि पाण्याचं तापमान यांनुसार हे साधारण दोन ते चार आठवडे चालतं. त्यानंतर तो थैली आकसून आकसून पिल्लं बाहेर फेकतो, आणि जन्मलेल्या पिल्लांकडे पुन्हा बघतही नाही.

मात्र पिल्लाच्या खाण्याचा मोठा वाटा अंड्यातल्या बलकातून येतो, आणि बलक ही आईने बांधून दिलेली शिदोरी. ती नराच्या हाती पडते तेव्हा भरून झालेली असते. म्हणून आईच्या खाण्याचा परिणाम अंडी तयार होतानाच होऊन जातो. तिला आधीचे काही आठवडे निकस खाणं मिळालं असेल, तर नंतर नराला कितीही चांगलं चारा, बलकात राहून गेलेलं बलकात येत नाही.

मग बाप नुसता पाळणा का? पुष्कळ दिवस लोक तसंच समजत होते. सिडनी विद्यापीठातल्या कॅमिला व्हिटिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मोठ्या पोटाच्या ऑस्ट्रेलियन समुद्रघोड्याच्या थैलीतली जनुकं तपासली. गरोदरपणात तिथे मेद आणि कॅल्शियम वाहून नेणारी जनुकं जोरात चालू झालेली दिसली. म्हणजे बापाकडूनही काहीतरी आत जातं.

तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारा प्रयोग २०२० मध्ये 'जर्नल ऑफ एक्सपरिमेंटल बायॉलॉजी'त आला. लांब तोंडाच्या समुद्रघोड्याच्या नरांना ओमेगा-३ सारखी मेदाम्लं कमी असलेलं खाणं दिलं, पण सरसकट नाही. काहींना गरोदर होण्याच्या आधीचे दिवस, काहींना गरोदरपणातले ठरावीक दिवस. आधीच्या दिवसांत असं खाणं मिळालेल्या नरांची पिल्लं आकाराने लहान निघाली. तेच खाणं शेवटच्या दिवसांत दिलं तर पिल्लांची तोंडाची नळी लांबली आणि अंग चपटं झालं, शिवाय त्यांच्या बऱ्याच जनुकांचं काम कमी-जास्त झालं. खाणं तेच, नुकसान वेगळं. मला यातला पहिला भाग जास्त चकित करतो. तेव्हा थैलीत एकही अंडं नसतं, तरी बापाच्या ताटातली उणीव पिल्लाच्या अंगावर उमटते. डोहाळे पुरवायचे तर या बाबतीत दिवस जाण्याच्या आधीपासून पुरवायला हवेत!

नळी लांबली तर बिघडलं काय, असं वाटेल. समुद्रघोड्याला दात नाहीत, जठरही नाही. डोकं झटक्यात वर उचलायचं आणि नळीतून भक्ष्य ओढून घ्यायचं, एवढीच त्याची शिकार, आणि जठर नसल्याने ती दिवसभर चालू ठेवावी लागते. पहिल्या दिवसापासून पिल्लू एकटं. अशा वेळी नळीचं माप बदलणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आता हे 'निकस खाणं' म्हणजे काय, ते आम्हा दुकानदारांना चांगलं ठाऊक आहे: आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. तो उबवायला बिसलेरीची बाटली बूड कापून उलटी टांगायची, लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी आणि खालून हवेची नळी. दुसऱ्या दिवशी पाण्यात केशरी ठिपके वळवळायला लागतात. हवा बंद करून तळाशी टॉर्च धरला की ते सगळे उजेडाकडे जमतात, टरफलं वर तरंगतात. मे महिन्यात मात्र बाटली घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावी लागते, नाहीतर अर्धी अंडी फुकट. गप्पीच्या पिल्लांना हे खाणं झकास. समुद्री माशांचं तेवढ्याने भागत नाही, कारण मेंदू आणि डोळ्यांना लागणारं डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल आर्टेमियात जवळजवळ नसतंच. म्हणून परदेशात समुद्रघोडे वाढवणारे आर्टेमियाला आधी माशाच्या तेलाचं मिश्रण किंवा शेवाळ चारतात. तेही उबल्यानंतर काही तासांनी, कारण ताज्या पिल्लाला तोंडच उघडलेलं नसतं. किंवा सरळ मायसिड नावाची बारीक कोळंबीसारखी जात देतात, जी समुद्रघोड्यांचं मूळचंच खाणं आहे.

दुसरा प्रश्न. घरी पाळता येणार नाही. भारतात २००१ मध्ये समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. पकडणं, विकणं, बाळगणं, सगळं गुन्हा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पोरं दुकानात येऊन भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवतात, 'काका, हा आहे का?' नाही म्हणतो आणि गप्पी दाखवतो. कुणी तुम्हाला चोरून आणून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका.

टाकीत काही करून बघायची हौस असेल तर गप्पीच घ्या. तिथे पिल्लं मादीच्या पोटात असतात, दर महिन्याला नवी वीण मिळते, आणि दोन टाक्यांतल्या माद्यांना वेगवेगळं खाणं देऊन पिल्लांची लांबी मोजणं शाळकरी पोरालाही जमतं. पिल्लं झाल्याबरोबर मादीला बाजूला काढायला तेवढं विसरू नका, ती खाते त्यांना.