सहीची किल्ली कोणाच्या हाती?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा आमचा लहान कारखाना आहे. सरकारी टेंडर भरण्यासाठी दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या नावाने डिजिटल सही घेतली. टेंडरचे संकेतस्थळ कन्नड आणि इंग्रजीत असल्याने माझा तिथे निभाव लागत नाही; म्हणून सहीचे टोकन (पेनड्राइव्हसारखे उपकरण) हिशेबनिसांकडेच असते आणि त्यावर चिकटपट्टी लावून पिन लिहून ठेवला आहे. माणूस विश्वासाचा आहे. तरीही यात धोका आहे का?
— एक कारखानदार, उद्यमबाग

उत्तर : धोका आहे, आणि हिशेबनीस कितीही सचोटीचे असले तरी तो उरतोच. डिजिटल सहीत गणिताने एकमेकींशी बांधलेल्या दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली, ती कोणाची हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रासोबत, कुणाच्याही हाती जाऊ शकते, कारण तिने सही फक्त पडताळता येते; सही उमटते ती खासगी किल्लीने, आणि ती तुमच्या यूएसबी टोकनच्या आत, बाहेर काढता येणार नाही अशा रीतीने ठेवलेली असते. त्यामुळे किल्लीची नक्कल झाली असेल ही भीती बाळगू नका. पण टोकन आणि पिन एकत्र ज्याच्या हाती पडतील, मग तो कचेरीत नव्याने लागलेला मुलगा का असेना, त्याने केलेली सही तुमचीच धरली जाईल. पिन कोणाच्या बोटांनी दाबला हे सहीवर उमटत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची असते, आणि ती धोक्यात आल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवीपर्यंत जबाबदारीही त्याचीच राहते. म्हणून टोकन हरवले तर शोधाशोधीत दिवस न घालवता त्या संस्थेला तत्काळ कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे.

भाषेची तुमची अडचण खरी आहे. सीमाभागात अनेक वडीलधारी माणसे अर्ज वाचता येत नाही म्हणून सहीच दुसऱ्याच्या हवाली करतात, याचे फार वाईट वाटते. वाचायला मदत जरूर घ्या, सही मात्र देऊ नका. हिशेबनिसांनी टेंडर भरावे, रक्कम आणि अटी तुम्हाला मराठीत वाचून दाखवाव्यात, आणि शेवटी टोकन जोडून पिन तुम्ही घालावा. दर वेळी जाणे जमणार नसेल तर त्यांना रीतसर अधिकारपत्र देऊन त्यांच्या नावाचे वेगळे प्रमाणपत्र काढावे. ती चिकटपट्टी आजच काढा आणि पिन बदला. हे सावकाश करा, कारण पिन काही वेळा चुकला की टोकन बंद पडते. प्रमाणपत्र घेताना नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल तुमचाच आहे ना, हेही पाहा. एजंटाचा असल्यास नवे प्रमाणपत्र घेणेच बरे.

टोकनवर मजकूर सांकेतिक करण्याचे दुसरे प्रमाणपत्रही असू शकते, आणि त्याची रीत वेगळी आहे. सहीची किल्ली गेली तरी नवी मिळते व जुन्या सह्या पडताळता येतात, त्यामुळे तिची प्रत ठेवूच नये. सांकेतिक मजकूर उलगडणारी किल्ली गेली, तर मात्र तो मजकूर कायमचा गेला. मुदत संपलेले टोकन टाकून देण्यापूर्वी तशा फायली उघडून सुरक्षित जागी ठेवा.

प्रश्न : सर्व्हरवर शिरण्याची माझी खासगी किल्ली चुकून गिटहबवर (प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) सर्वांना दिसेल अशी गेली. पाच मिनिटांत फाइल काढली. एवढे पुरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : नाही. फाइल काढली तरी जुन्या नोंदींच्या इतिहासात ती राहते, आणि अशा किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्रॅम पाच मिनिटेही थांबत नाहीत. ती किल्ली फुटली असेच समजावे. नवी जोडी तयार करून खासगी किल्लीला पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावा, नवी सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर नोंदवा, तिने आत जाता येते याची खात्री करा आणि लगेच जुनीची नोंद पुसून टाका. हा क्रम उलटा केलात तर तुम्ही स्वतःच बाहेर राहाल. ती जुनी किल्ली आणखी कुठे वापरली होती तेही आठवून, तिथली नोंदही त्याच बैठकीत काढा.