वाचक विचारतात: दारावरचं स्वस्तिक आणि वर केलेला हात

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीचे, सहा वर्षं मेलबर्नमध्ये आहोत. दिवाळीला सासूबाई आल्या होत्या, त्यांनी उंबऱ्याशी रांगोळी काढली आणि दारावर कुंकवाचं स्वस्तिक. समोरच्या आजी एरवी रोज हाय करतात, त्या दिवशी ते बघून काही न बोलता आत गेल्या. नवरा म्हणतो पुसून टाक, इकडे कायदा आलाय. सासूबाई म्हणतात आपलं शुभचिन्ह आहे, पुसायचं का म्हणून? मी मधल्या मधे अडकलेय.

उत्तर: ताई, आधी कायद्याचं सांगते म्हणजे घरातला निम्मा वाद मिटेल. तुमच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ साली नाझी चिन्हावर बंदी घातली, आणि कायद्यात शब्द वापरलाय तो हाकेनक्रॉइझ, म्हणजे जर्मन भाषेत टोकांना आकडे (हुक) असलेला क्रॉस. हिंदू, बौद्ध, जैन लोकांनी धार्मिक किंवा सांस्कृतिक कारणासाठी काढलेलं स्वस्तिक त्यात गुन्हा नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे दारावरचं कुंकू पुसायची काही गरज नाही.

हा शब्दांचा फरक किरकोळ वाटेल पण नाहीये. जर्मन लोक त्या नाझी चिन्हाला स्वतःच्या भाषेत हाकेनक्रॉइझच म्हणत होते, आपला शब्द त्याला चिकटला तो जास्त करून इंग्रजीतून. १८७० च्या दशकात श्लीमान नावाच्या जर्मन माणसाने ट्रॉय या प्राचीन शहराच्या उत्खननात ही खूण असलेल्या वस्तू शोधल्या, तेव्हाच आपल्या ओळखीच्या संस्कृत पंडित मॅक्स म्युलरने त्याला कळवलं होतं की भारताबाहेरच्या खुणेला स्वस्तिक हा शब्द वापरलेला मला पसंत नाही. ते कोणी मनावर घेतलं नाही. पुढे आर्यवंशाचं खूळ डोक्यात घेतलेल्या लोकांनी ती खूण उचलली आणि १९२० मध्ये नाझी पक्षाने ती झेंड्यावर घेतली.

आणि हो, "आपलं उजवीकडे वळतं, त्यांचं डावीकडे" असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, ते चूक आहे, दोन्ही एकाच दिशेला वळतात. त्यांचं बहुतेक वेळा तिरकं, लाल झेंड्यावर पांढऱ्या गोलात काळं. आपलं सरळ बसलेलं, चार घरांत चार ठिपके, शेजारी शुभ-लाभ.

पण हे सगळं तुम्हाला माहितीये, समोरच्या आजींना नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले ज्यू खूप मोठ्या संख्येने मेलबर्नला येऊन राहिले. त्या आजी त्यातल्या आहेत का, त्यांच्या आईवडिलांचं काय झालं, आपल्याला ठाऊक नाही, पण एखाद्याने लहानपणी ती खूण पाहिली असेल तर ती दंडावर पट्टी बांधून दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावर पाहिली असेल. त्या आत गेल्या ते तुमचा अपमान करायला नाही गेल्या. फराळाचं ताट घेऊन जा, सासूबाईंना बरोबर न्या, आणि स्वस्तिक म्हणजे सु अस्ति, चांगलं होवो, एवढं तरी समजावून सांगा. ऐकूनही त्यांना त्रास झाला तर देव्हाऱ्यात काढा, तो निर्णय तुमचा असेल, कायद्याच्या धाकाने घेतलेला नसेल.

प्रश्न: ऑस्ट्रेलियात नुसता हात वर केला म्हणून तुरुंग? कोणाला मारलं नाही, काही जाळलं नाही. आज नाझींचा हात, उद्या आमच्या मोर्चातली मूठ. मग अभिव्यक्तिस्वातंत्र्य कशाला म्हणायचं? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: दादा, तुमची भीती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. पण आधी घडलं काय ते बघा. मार्च २०२३ मध्ये मेलबर्नला संसदेच्या पायऱ्यांवर काळे कपडे घातलेल्या टोळक्याने रांगेत उभं राहून, हात ताठ वर करून नाझी सॅल्यूट केला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्याने तो सॅल्यूटही गुन्हा ठरवला, आणि कायदा लागू झाल्याला आठवडाही झाला नव्हता तोवर त्यांच्यातल्या एकाने कोर्टाबाहेर कॅमेऱ्यांसमोर हात वर केला, वर हे आता बेकायदेशीर आहे ना, असंही बोलला. नाव लिहीत नाही, त्याला तेच हवंय. २०२४ मध्ये मॅजिस्ट्रेटने महिन्याभराची कैद सुनावली, त्याने लगेच अपील केलं.

याच्या अगदी उलटं टोक अमेरिकेत. १९७७ साली शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझींना मोर्चा काढायचा होता, आणि गाव मुद्दाम निवडलेलं, कारण तिथे ज्यूंची वस्ती प्रचंड आणि छळछावण्यांतून वाचलेले लोक खूप. गावाने मनाई केली. तर नागरी स्वातंत्र्याची मोठी संघटना एसीएलयू नाझींच्या बाजूने कोर्टात उभी राहिली, त्यांचा वकील डेव्हिड गोल्डबर्गर स्वतः ज्यू! संघटनेचे हजारो सभासद सोडून गेले पण त्यांनी केस सोडली नाही आणि परवानगी मिळवली. शेवटी मोर्चा स्कोकीत निघालाच नाही, शिकागोत झाला. त्या वकिलाबद्दल मला मनापासून आदर आहे, असं उभं राहायला छाती लागते.

तरीही मी त्या बाजूची नाही. मत म्हणजे ज्याला तुम्ही उलटून उत्तर देऊ शकता. कोणी म्हणालं ज्यूंचं चुकतं, तर आपण म्हणू तुझं चुकतं, चल वाद घालू. सिनेगॉगसमोर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासमोर, वर केलेल्या हाताला काय उत्तर देणार? तो हात एवढंच सांगतो की तुम्हाला संपवायला आमची हरकत नव्हती आणि आजही नाही. ही धमकी झाली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही २००३ मध्ये म्हटलं की घाबरवण्याच्या हेतूने क्रॉस जाळला (काळ्या लोकांना धमकावायची तिथल्या गोऱ्या वंशद्वेष्ट्यांची जुनी रीत) तर शिक्षा होऊ शकते, म्हणजे खूण धमकी असू शकते हे त्यांनाही मान्यच आहे.

आता तुमची मोर्चातली मूठ. इथे मी तुमच्या बाजूने आहे, कारण यादी करायचा अधिकार एकदा सरकारच्या हातात गेला की ती यादी लांबत जाते. जर्मनीत बंदी घातलेल्या संघटनांच्या खुणा वापरल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिक्षण, कला, संशोधन यांना सूट आहे. तरी तिथे स्टुटगार्टच्या बाजूला एक माणूस नाझीविरोधी बिल्ले विकायचा, नाझी चिन्हावर लाल काट मारलेले, आणि त्यालाच दंड झाला! जो विरोध करतोय त्यालाच. २००७ मध्ये वरच्या कोर्टाने त्याला सोडलं, विरोध उघड दिसत असेल तर गुन्हा नाही म्हणून, पण तोवर त्या माणसाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्याच ना. म्हणूनच २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने अशा गुन्ह्यांना किमान एक वर्षाची सक्तीची कैद ठेवली ते मला पटत नाही. कुठे, कोणासमोर, कशासाठी केलं हे न्यायाधीशाने बघायचं असतं. दारू पिऊन मूर्खपणा केलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं आणि सिनेगॉगसमोर ठरवून उभी राहिलेली टोळी, दोघांना एकच माप कसं लावायचं? बंदी हवी, पण अरुंद हवी, नाव घेऊन हवी, आणि सूट कोणाला ते कायद्यातच लिहिलेलं हवं.

प्रश्न: माझ्या मित्राने हिटलरचा फोटो असलेला टी-शर्ट घेतलाय, म्हणतो शिस्त आवडते. भारतात हे बेकायदेशीर आहे का? (पनवेलहून, कॉलेजचा विद्यार्थी)

उत्तर: नुसता टी-शर्ट घातला म्हणून नाही. आपल्याकडे अशा चिन्हांची यादी नाही. जुन्या दंड संहितेतल्या कलम १५३-अ च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, त्यात शब्दांबरोबर खुणा आणि दृश्य चित्रंही येतात, पण त्यातून गटागटांत वैर पसरवलं किंवा तसा प्रयत्न केला तर.

तुझ्या गावाजवळचीच गोष्ट सांगते. २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं, बोर्डावर नाझी चिन्ह. मुंबईच्या ज्यू समाजाने आवाज उठवला आणि थोड्याच दिवसांत मालकाने नाव बदललं. आणि पनवेलमध्येच बेने इस्रायली ज्यूंचं जुनं बेथ एल सिनेगॉग आहे. हे कोकणातले आपलेच लोक, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, घरात मराठी बोलणारे. हिटलरला ते सापडले असते तर त्यांनाही त्याने सोडलं नसतं. मित्राला एकदा तिथे घेऊन जा, फाटकापाशी कोणी भेटलं तर मराठीतच बोला, आणि निघताना विचार त्याला की तो टी-शर्ट घालून येणार आहेस का.