सोनेरी जाळ्यातली मादी: वाचकांचे प्रश्न

*प्रश्न (मांजलपूर, बडोदा): नवरात्राच्या आधी आम्ही वघईहून डांगच्या जंगलात गेलो होतो. पायवाटेवर आडवं, उन्हात पिवळं चमकणारं जाळं आणि त्यात हातभर पायांची काळी-पिवळी कोळीण. मुलं फार घाबरली. ती विषारी असते का?*

हातभर नाही, पण पाय पसरले की पंधरा-वीस सेंटीमीटर सहज भरतात, म्हणून तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. वर्णनावरून ती नेफिला पिलिपेस, म्हणजे जायंट वुड स्पायडरची मादी. नुसतं शरीर 3 ते 5 सेंटीमीटर, पोट लांबट, काळ्यावर पिवळ्या रेघा. भारतापासून दक्षिण चीन, आग्नेय आशिया, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत ती आढळते.

विष बहुतेक सगळ्याच कोळ्यांकडे असतं, ते किडे मारण्यासाठी. हिचं विष माणसाला धोक्याचं नाही. हातात दाबली तर चावेल, थोडं दुखेल, लाल होईल. एरवी ती जाळं सोडून अंगावर येत नाही. मुलांना पुढच्या वेळी जाळ्याच्या बाजूने उभं करा आणि दाखवा: मादी बसते ते केंद्र मध्यभागी नसतं, बरंच वर सरकलेलं असतं. बहुतेक चक्राकार जाळी विणणारे कोळी आधी कोरड्या धाग्याची तात्पुरती फिरकी घालतात आणि चिकट धागा विणताना ती काढून टाकतात. नेफिला ती ठेवते.

पिवळा रंग धाग्यातल्या रंगद्रव्यांचा. अंगावरच्या पिवळ्या रेघाही उपयोगाच्या आहेत. तैवानमध्ये या जातीच्या पूर्ण काळ्या माद्याही आढळतात. तिथल्या अभ्यासात पिवळ्या रेघांच्या माद्यांच्या जाळ्यात त्यांच्यापेक्षा जास्त किडे अडकलेले दिसले. दिवसभर उघड्यावर बसणाऱ्या प्राण्याने लपायचं सोडून रंगाने भक्ष्य ओढावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

*प्रश्न (कारेलीबाग, शिक्षिका): शाळेच्या तक्त्यासाठी माहिती जमवतेय. जुन्या पुस्तकात नाव नेफिला मॅक्युलाटा, कुळ टेट्राग्नॅथिडी. इंटरनेटवर नेफिला पिलिपेस, आणि कुळ कुठे अरॅनिडी, कुठे नेफिलिडी. मुलांना काय सांगू?*

बाई, यातलं काहीच कुणी निष्काळजीपणे लिहिलेलं नाही. प्रत्येक नाव आपापल्या काळच्या माहितीवर उभं होतं, आणि मुलांना हाच इतिहास सांगावा असं मला मनापासून वाटतं.

लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने 1793 साली या कोळ्याचं वर्णन केलं. तेव्हा जवळजवळ सगळे कोळी अरॅनिया या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) घालत, त्यानेही तेच केलं. नेफिला ही प्रजाती लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1815 मध्ये केली. मॅक्युलाटा हे नावही फॅब्रिशियसच्याच काळातलं, विसाव्या शतकातल्या पुस्तकांत तेच रूढ होतं. आज पिलिपेस ग्राह्य धरतात.

कुळाचं प्रकरण जास्त रंजक आहे. हा कोळी पूर्वी अरॅनिडीत होता. मग शरीररचनेतली साम्यं पाहून त्याला लांब जबड्यांच्या टेट्राग्नॅथिडीत नेलं. 2006 मध्ये स्लोव्हेनियाचे मात्याश कुंटनर यांनी नेफिलिडी हे वेगळं कुळ मांडलं. 2017 मध्ये जनुकीय अभ्यासानंतर हा गट पुन्हा अरॅनिडीत, उपकुळ म्हणून गेला. 2019 मध्ये कुंटनर आणि सहकाऱ्यांनी त्याला परत कुळाचा दर्जा द्यावा असं मांडलं, शिवाय नेफिला प्रजातीही फोडली. अमेरिकेतली प्रसिद्ध क्लॅव्हिपेस आता ट्रायकोनेफिला झाली, आपली पिलिपेस नेफिलातच राहिली.

यात एक गोष्ट मात्र कुणी नाकारत नाही: नेफिला, ट्रायकोनेफिला, झाडाच्या खोडाला चिकटून जाळं विणणारी हेरेनिया, हे सगळे एकमेकांचे सख्खे नातलग आहेत. त्या घराला कुळ म्हणायचं की उपकुळ, एवढाच वाद. तक्त्यावर ‘नेफिला पिलिपेस (फॅब्रिशियस, 1793)’ असं लिहा, कंस विसरू नका. मूळ वर्णन दुसऱ्या प्रजातीत झालं होतं, हे तो कंस सांगतो. कुळापुढे दोन्ही मतं लिहा.

*प्रश्न (वाडी): त्याच जाळ्यात अगदी बारीक दोन-तीन कोळी दिसले. पिल्लं होती का?*

बहुधा नाही. तांबूस, कडेकडेने वावरणारा असेल तर तो नर. मुगाच्या दाण्याएवढा, जेमतेम 5-6 मिलिमीटर! एका जाळ्यात असे अनेक नर असू शकतात. चंदेरी चकाकी असेल तर ते आर्गिरोडीस, दुसऱ्याच कुळातले, मादीच्या जाळ्यात अडकलेले छोटे किडे चोरून खाणारे.

खरं तर नर खुजे राहिले नाहीत, माद्या उत्क्रांतीत मोठ्या झाल्या. कोळी सहसा प्रौढ झाले की कात टाकायचं थांबवतात. पिलिपेसच्या माद्या प्रौढ झाल्यावरही कात टाकताना आढळल्या आहेत. इतक्या मोठ्या मादीशी मिलन म्हणजे नराच्या जिवाशी खेळ, म्हणून तो तिच्या पाठीवर चढून बारीक रेशमाचे धागे पसरतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की या धाग्यांनी मादी शांत राहते आणि नराला पुन्हा मिलनाची संधी मिळते. धागे तिला बांधून ठेवण्याइतके मजबूत नसतात. परिणाम मुख्यतः स्पर्शाचा.

*प्रश्न (दांडिया बाजार): या सोन्यासारख्या रेशमाची पैठणी विणता येईल का?*

कापड विणलं गेलं आहे. मादागास्करमध्ये याच गटातल्या कोळिणींचं रेशीम काढून विणलेलं वस्त्र 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मांडलं होतं. रंग न देताही सोनेरी. त्यासाठी दहा लाखांहून अधिक कोळिणी लागल्या. रेशीमकिड्यासारखे कोळी एकत्र पाळता येत नाहीत, एकमेकांना खातात. पैठणी आपली येवल्याचीच बरी.

*प्रश्न (अलकापुरी): कोळी अंगावर मुतला की फोड येतात असं आई म्हणते. आमच्या बाल्कनीत इंग्रजी एक्सच्या आकाराची नक्षी असलेलं जाळं आहे, काढून टाकू का?*

काढू नका. तो आर्जिओपी, सिग्नेचर स्पायडर. ती जाड पांढरी नक्षी किडे ओढण्यासाठी की पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

आईंना सांगा, कोळी असे फोड आणत नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा पेडेरस नावाचा काळा-नारिंगी बारीक भुंगा अंगावर चिरडला की त्याच्या द्रवाने रेघेसारखे जळजळणारे फोड येतात. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आले तर ती नागीण असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा, औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोग होतो.

*प्रश्न (मांजलपूर, पुन्हा): दिवाळीनंतर गेलो तर ती दिसेल का?*

दिसण्याची शक्यता चांगली आहे, मोठ्या माद्या पावसाच्या शेवटी आणि त्यानंतरच भेटतात. एखादं जाळं रिकामं दिसलं तर मेली असं समजू नका. ही मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, उथळ खड्डा करून अंड्यांची रेशमी पिशवी त्यात ठेवते आणि माती-पाचोळ्याने झाकते. म्हणून वाट सोडून पाचोळा तुडवू नका, आणि तंबूसाठी जागा करायला तो पेटवू तर मुळीच नका. फोटो काढताना पाठीचा आणि पोटाकडचा, दोन्ही काढा, आणि सूर्य समोर ठेवून उभे राहा: सोनेरी रंग त्याच कोनातून उठून दिसतो.