ऑपरेशनच्या फॉर्मवर नवऱ्याची सही का मागतात? बाईची स्वतःची पुरत नाही का?

पुरते. सज्ञान बाई शुद्धीवर असेल तर तिच्या अंगावरच्या ऑपरेशनला संमती तिचीच. प्रश्न वाचला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींमुळे, माझी पिशवी काढायची ठरली तेव्हा मी 46 ची होते. रक्त माझं जात होतं, हिमोग्लोबिन माझं 7 वर आलं होतं आणि डॉक्टर बोलायचे ते ह्यांच्याशी. "मिस्टरांना आत बोलवा." ह्यांना फायब्रॉइड म्हणजे काय ते आजही सांगता येणार नाही.

आदल्या रात्री साडेनऊला सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. सगळा इंग्रजीत, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या. मी बावीस वर्षं बँकेत लोकांना 'वाचून सही करा' म्हणत आले, म्हणून चष्मा मागितला. "अहो ताई, सगळे करतात सही, खाली अजून तीन पेशंट आहेत." दुसऱ्या पानावर सापडलं: गरज वाटल्यास दोन्ही अंडाशय काढायलाही माझी संमती! याबद्दल तोवर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. ह्यांनी तर पान न उलटता सही ठोकलेली.

मी ती ओळ खोडली. डॉक्टर आले ते चिडूनच. पण मग स्टूल ओढून बसले आणि अंडाशय काढले तर पाळी एकदम बंद होऊन काय त्रास होतो, हाडांचं काय होतं, ठेवले तर काय धोका, सगळं सांगितलं. कॅन्सरची शंका आली तरच काढायचे, असं ठरवून तसं फॉर्मवर लिहिलं. दहा मिनिटं लागली.

माझे धाकटे दीर सर्जन. दिवाळीत सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, पेशंटला सगळं सांगत बसलं तर टेबलावर कोण येईल? उद्या केस झाली तर हातात कागद असावा, एवढंच."

भावजी, नुसता कागद कोर्टात टिकत नाही. समीरा कोहली खटला वाचा. 44 वर्षांच्या बाईंनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी सही दिली होती. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून गर्भाशय आणि अंडाशय काढले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती चालत नाही. ऑपरेशन 1995 चं, आणि भरपाई म्हणाल तर 25,000 रुपये!

हो, जीव धोक्यात असेल आणि पेशंट बेशुद्ध असेल तर डॉक्टरांनी सहीसाठी थांबू नये. आणि एक कबूल करायला हवं: मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत, ज्या ऑपरेशनने मूल होणं बंद होऊ शकतं त्याला नवरा-बायको दोघांची संमती मागितली आहे. म्हणजे माझ्या वेळी ह्यांची सही घेतली ती नियमाने. माझी उरकायला निघाले होते, राग त्याचा.

तुम्ही फॉर्म आदल्या दिवशी दुपारीच मागा, मराठीत मागा, न पटलेली ओळ खोडून शेजारी सही करा.

भावजींच्या हॉस्पिटलात यंदा मराठी फॉर्म आलाय म्हणे. 'पतीची सही' अजून वरच्या चौकटीत आहे.