सेलाजिनेला नेचा का नाही, आणि एक्विसेटम नेचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या पाठ्यपुस्तकांत लायकोपोडियम, सेलाजिनेला, एक्विसेटम आणि सायलोटम या सगळ्यांना नेच्यांचे नातलग म्हणून एकत्र बसवलेलं असतं. आता पहिल्या दोघांना बाहेर काढलंय आणि पुढच्या दोघांना थेट नेच्यांत घेतलंय. हे कशावरून, आणि वनस्पती हातात आल्यावर ओळखायची कशी?

जुना गट एका उणिवेवर बांधलेला होता: वाहक ऊती आहेत, पण बी नाही. ‘बी नाही’ ही मात्र पूर्वजांकडून चालत आलेली स्थिती आहे. तिच्यावरून कोण कोणाच्या जवळचं हे कळत नाही. ठोस पुरावा हरितलवकाच्या डीएनएत सापडला. तिथला सुमारे ३०,००० बेस-जोड्यांचा एक तुकडा नेच्यांत आणि सर्व बीजधारी वनस्पतींत उलटा फिरलेला आहे. मॉस, लिव्हरवर्ट (दोन्ही वाहक ऊती नसलेल्या छोट्या वनस्पती) आणि लायकोफाइट (लायकोपोडियम, सेलाजिनेला यांचा गट) यांच्यात तो मूळच्याच दिशेने आहे. लिंडा राउबेसन आणि रॉबर्ट जॅन्सन यांनी हे १९९२ मध्ये दाखवलं. म्हणजे लायकोफाइटांची शाखा आधी फुटली, ४० कोटी वर्षांहून आधी, आणि तो तुकडा उलटला तो त्यानंतर. त्यामुळे नात्याने नेचा सेलाजिनेलापेक्षा गुलाबाच्या जवळचा आहे. २००१ मध्ये कॅथलीन प्रायर आणि सहकाऱ्यांनी अनेक जनुकं आणि बाह्य लक्षणं एकत्र तपासली, तेव्हा एक्विसेटम आणि सायलोटमही नेच्यांच्याच शाखेवर आले.

आता ओळख. १० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. आधी पान उजेडासमोर धरा. लायकोफाइटच्या पानात जवळजवळ नेहमी एकच, न फाटलेली शीर असते. नेच्याच्या पानात शिरा फाटत जातात. सेलाजिनेलाचं पान जेमतेम काही मिलिमीटरचं असतं, त्यामुळे हिरव्या रंगात शीर हरवते. तसं झालं तर पान झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा. हरितद्रव्य उतरलं की शीर उठून दिसते. घाई म्हणून स्पिरिट आचेवर गरम करू नका, ते पेट घेतं.

मग बीजाणुधानी, म्हणजे बीजाणू तयार होणारी पिशवी, शोधा. लायकोफाइटमध्ये एका पानाला एकच, आणि ती पानाच्या वरच्या अंगाला, बुंध्याशी किंवा बेचक्यात. नेच्यात बहुधा पानाच्या पाठीवर किंवा कडेला, पुंजक्यांनी. तिसरी खूण मुळांची: लायकोफाइटचं मूळ टोकाशीच दुभंगत जातं, नेच्याच्या मुळाला बाजूने फांद्या फुटतात. त्यासाठी रोप ओढून उपटू नका, टोकं तुटतात. मातीचा गड्डा पाण्यात भिजवून सोडवा.

पानाची कसोटी जिथे फसते ती जागा नीट लक्षात ठेवा. एक्विसेटमची पानं झिजून पेरांभोवती दातेरी म्यान झालेली असतात आणि त्या प्रत्येक दात्यात एकच शीर दिसते. केवळ त्यावरून त्याला लायकोफाइट ठरवलं जातं. तिथे शेंड्यावरचा शंकू उघडा. छत्रीसारख्या छोट्या चकत्या दिसतील आणि प्रत्येकीच्या आतल्या बाजूला ५ ते १० बीजाणुधान्या लटकलेल्या असतील. बीजाणूंना चार पट्ट्या असतात. काचेवर कोरडे बीजाणू घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली हलकी फुंकर घाला: श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या गुंडाळतात, सुकताच पुन्हा ताठ होतात. सायलोटमला तर मुळंच नसतात. त्याच्या तीन एकत्र जुळलेल्या पिवळसर बीजाणुधान्या पाहा.

२०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दोन्ही शाखा मिळून ११,९१६ जाती धरल्या आहेत. त्यांत नेचे १०,५७८ आणि लायकोफाइट फक्त १,३३८, तेही तीनच कुळांत. या आकड्यांवरून लायकोफाइटांना दुबळं समजू नये. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी लेपिडोडेंड्रॉनसारखे त्यांचे वृक्ष ३० मीटरहून उंच वाढत, आणि त्या काळच्या दगडी कोळशाचा मोठा वाटा त्यांचाच. त्या वृक्षांचा आजचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे आयसोइटिस: गवताचा झुबका वाटावा अशी पाणथळ जागेतली लहानशी वनस्पती. पानाचा फुगीर बुंधा नखाने उघडला की आत बीजाणुधानी मिळते. तेवढ्याने गवताशी होणारा घोटाळा मिटतो.

नेच्यांना जिवंत जीवाश्म म्हणतात ते मला पटत नाही. आजच्या बहुतेक जाती ज्या शाखांतल्या आहेत, त्या क्रिटेशस काळात (डायनोसोरांच्या युगाचा शेवटचा टप्पा), सपुष्प वनस्पतींची जंगलं पसरल्यानंतर फोफावल्या. त्या दाट सावलीत मंद उजेड ओळखायला अनेक नेच्यांकडे निओक्रोम हे प्रथिन आहे, आणि त्याचं जनुक हॉर्नवर्ट या मॉससारख्या वनस्पतींकडून आडव्या मार्गाने, म्हणजे वंशपरंपरेने नव्हे तर थेट एका वनस्पतीतून दुसरीत, आल्याचं २०१४ मध्ये दिसून आलं.

हे नेचे बीजाणू कसे फेकतात ते जरूर पाहा. तपकिरी, चकचकीत पुंजका निवडा. पांढरट-हिरवा असेल तर कच्चा, आणि झिपऱ्या झालेला असेल तर रिकामा. तो कोरड्या काचेवर झटकून सूक्ष्मदर्शकाखाली दिव्याच्या उबेत ठेवा. बीजाणुधानीभोवती जाड भिंतींच्या पेशींचं कडं असतं. त्यांतलं पाणी उडत जातं तशी पातळ बाहेरची भिंत आत ओढली जाते, कडं मागे वाकतं आणि धानी फाटून उघडते. मग पेशींतलं ताणलेलं पाणी तुटून बुडबुडे होतात आणि कडं एका झटक्यात पुढे येऊन बीजाणू भिरकावतं. काचेवर पाण्याचा थेंब घातलात तर काहीच होणार नाही, कारण पेशी सुकतच नाहीत. ग्लिसरिनचा थेंब मात्र पाणी ओढून घेतो आणि तोच झटका दाखवतो.

आणि पानामागचे हे पुंजके कीड समजून खरवडून काढू नका. खवले-कीड शिरा आणि देठ धरून वेडीवाकडी बसते. बीजाणूंचे पुंजके प्रत्येक पर्णिकेवर ठरावीक जागी, एकसारख्या रांगेत असतात.