दागिने नाहीत, नातींना काय देऊ?

प्रश्न: वय ७४. वाईजवळच्या गावात एकटीच राहते. दागिने यजमानांच्या आजारपणात मोडले. ट्रंकेत जुनी लुगडी आहेत, जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, एवढंच. पुण्यातल्या दोघी नातींसाठी मागे काय ठेवू?

उत्तर: मावशी, ‘एवढंच’ म्हणू नका हो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तुमच्या ओव्या तुमच्याच आवाजात राहू द्या. नाती सुट्टीला आल्या की मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. एका बैठकीत सगळं नको. रोज दोन-तीन ओव्या, आणि त्या कुणाकडून शिकलात, तेही सांगा.

माझ्या आईची वही माझ्याकडे आहे. गोड्या मसाल्याच्या पानावर तेलाचा डाग आहे आणि लिहिलंय, ‘दगडफूल मूठभर’. तिची मूठ लहान होती. माझ्या मुठीनं घेतलं की मसाला उग्र होतो. ती असताना वाटीनं मोजून घ्यायला हवं होतं. म्हणून तुम्ही पाककृती लिहाल तेव्हा मापं वाटी-चमच्यात लिहा.

लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवा. कुठलं लुगडं बारशाचं, कुठलं लग्नातलं, ते चिठ्ठीवर लिहून आतल्या थरात टाचा. सुईत दोरा ओवायला शेजारची पोर येईल.

घर नावावर असेल तर मृत्युपत्रही करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.