शंका पेल्यातली: संत्र्याचा पंच कडू का झाला?

काका, नमस्कार. जानेवारीत गच्चीवर आठ जणांना बोलावलं होतं. नागपुरी संत्र्यांचा दोन लिटर रस काढला, त्यात दालचिनी, लवंग, साखर आणि रमची अख्खी बाटली ओतून अर्धा तास उकळवलं. वास घरभर सुटला, पण पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी. कारल्याचं पाणी बरं म्हणायची वेळ! वर मेहुणे विचारतात, ‘यात रम होती का हो?’ कुठे चुकलं?
— एक वाचक, नाशिक

घरभर सुटलेला तो वास म्हणजेच तुमची रम, भाऊ. पाणी १०० अंशांना उकळतं, दारूतलं अल्कोहोल ७८ च्या आसपास. अर्धा तास उघड्या पातेल्यात खदखदवलंत, म्हणजे बरीचशी रम छताला पाजलीत. मेहुण्यांचं काही चुकलं नाही.

आणि हे नुसतं नुकसानीचं काम नाही. मी बावीस वर्षं बोटीवर बारमध्ये काढली. नवा असताना एकदा घाईत चालू बर्नरवरच्या भांड्यात ब्रँडी ओतली. वाफेनं पेट घेतला आणि माझ्या दोन्ही भुवया गेल्या. पुढचा महिनाभर पाहुण्यांना वाटायचं, हा माणूस कायम आश्चर्यचकित असतो. तेव्हापासून माझा नियम एकच: गॅस बंद झाल्याशिवाय बाटलीचं बूच उघडायचं नाही.

आता कडूपणाचं. बहुतेक जण दालचिनीला नाहीतर लवंगेला दोष देतात. लवंग जास्त झाली तर जीभ बधिर होते, पण कारलं होत नाही. खरा चोर संत्र्यातच बसलेला असतो. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. फोडी चिरडल्या की ते आंबट रसात उतरतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. हे लिमोनिन मात्र महाकडू. म्हणून तर मोसंबीचा रस गाडीवर उभ्या उभ्या प्यायला तर गोड, आणि तोच घरी नेऊन दोन तासांनी प्यायला तर कडवट. उष्णतेनं हेच काम झपाट्यानं होतं. तुम्ही मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलं असेल, तर विचारायलाच नको. (फिरवलं असणारच. दोन लिटर रस हातानं कोण काढतो?)

तेव्हा उकळायचं ते पाणी, रस नाही. संत्र्याचा खरा सुगंध तरी रसात कुठे असतो? तो सालीत. लहानपणी भावंडांच्या डोळ्यांत साल पिळून मार खाल्ला असेल ना, तेच ते तेल. दोन संत्री कोमट पाण्यानं खसखसून धुवा, कारण बाजारातल्या फळांवर मेण असू शकतं. मग सुरीनं किंवा सालकाढणीनं वरची केशरी साल पातळ उतरवा. आतला पांढरा भाग येऊ देऊ नका, तोही कडूच.

आठ जणांसाठी लिटरभर पाणी ठेवा. त्यात ती साल, दोन बोटभर दालचिनीचे तुकडे, सहा लवंगा, दहा-बारा मिरे, अंगठ्याएवढं आलं ठेचून आणि १२० ग्रॅम गूळ घाला. आपल्याकडे दालचिनी म्हणून मिळते ती बहुतेक वेळा जाड सालीची, तिखट असते. त्यामुळे हात आवरता घ्या. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, आणि लगेच गाळा. मसाला त्यातच राहिला तर पंचाचा काढा होतो. गुळाचा कचराही गाळणीत राहतो, ते वेगळंच.

गाळलेलं पाणी एक उकळी आणून गॅस बंद करा. आता त्यात हातानं पिळलेला, बिया काढलेला ताजा संत्र्याचा रस ४०० मिलिलिटर आणि चार-पाच कागदी लिंबांचा रस घाला. लिंबू चुकवू नका, नागपुरी संत्रं एकटं पडलं की नुसतं सरबत लागतं. सगळ्यात शेवटी रम, दोन क्वार्टर (३६० मिलिलिटर). माणशी ४५ मिलिलिटर, म्हणजे दीड छोटा पेग. आपल्याकडची काळी रम ४२.८ टक्क्यांची असते. तुम्ही आठ जणांना अख्खी बाटली धरली होती, तेवढीची गरजच नाही. गरम दारूचा वास नाकात भरतो, त्यामुळे थोडीही जास्त वाटते.

आता यातली गंमत ऐका. उकळून-गाळून उरलेल्या नऊशे मिलिलिटर कडकडीत पाण्यात खोलीच्या तापमानाचे साडेआठशे मिलिलिटर रस-रम मिसळले की सगळं मिळून साठ अंशांच्या जवळपास येतं. म्हणजे फुंकर मारून लगेच पिता येईल असं. पुन्हा गॅसवर चढवायची वेळच येत नाही. गच्चीवर न्यायचं असेल तर चहाचा मोठा फ्लास्क गरम पाण्यानं आधी खंगाळून घ्या. काचेचे पेलेही तसेच शेकून घ्या, नाहीतर नाशिकच्या गारठ्यात तडकतील. स्टीलचे पेले नकोत, ओठ भाजतात.

काका, गोव्याहून काजूची फेणी आणली आहे. ती या गरम पंचात चालेल का? आजी म्हणते, सर्दीवर फेणी रामबाण.
— एक वाचक, डोंबिवली

संत्र्यात घालू नका. फेणीचा वास दांडगा, तो संत्र्याला उभं राहू देत नाही. तिला लिंबू, गूळ आणि आलं पुरे. वरच्याच पाण्यातून संत्र्याची साल आणि दालचिनी काढा, लिंबं दुप्पट करा, संत्र्याच्या रसाऐवजी तेवढंच साधं पाणी घाला आणि फेणी माणशी ३० मिलिलिटरच धरा.

खरं तर गोव्याची दारू आणि पंच ही तुमची जोडी माझ्या संत्र्याच्या पंचापेक्षा जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा जॉन फ्रायर नावाचा डॉक्टर १६७० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर हिंडत होता. त्यानं १६९८ मध्ये छापलेल्या पुस्तकात लिहिलंय की गोव्याजवळच्या नेरूळचा अरक, म्हणजे भट्टीची दारू, सगळ्यात चांगला आणि त्यापासून इंग्रज ‘पाँच’ करतात. पाच जिनसांचं म्हणून ते नाव, असं त्याचं म्हणणं. पुढे लोकांनी हिशेब लावला: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. ही व्युत्पत्ती सगळ्या भाषापंडितांना मान्य नाही. बोटीवर मात्र एखादा गोरा पाहुणा पंच आमचा म्हणून मिरवायला लागला की मी ही गोष्ट त्याला आवर्जून ऐकवायचो.

आजींच्या रामबाणाबद्दल: माझी आई वेंगुर्ल्याला छातीला फेणी चोळायची, त्यामुळे आजींशी भांडायची माझी हिंमत नाही. पण दारूनं सर्दी जात नाही. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते, आणि तिकडूनच अंगातली उष्णता बाहेर जाते. आणि सर्दीची झोप आणणारी गोळी घेतली असेल तर त्या रात्री पेला हातात धरूच नका.

आमच्याकडे सासऱ्यांना आणि मला चालत नाही. नुसती रम वगळली तर सरबत गरम केल्यासारखं लागतं. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

रम गेली की तिच्याबरोबर तुरटपणा आणि घशातली जळजळ दोन्ही जातात, ती भरून काढायची. मसाल्याचं पाणी गाळायच्या आधी शेवटची तीन मिनिटं त्यात दोन चमचे चहापत्ती टाका, मिरे आणि आलं दीडपट करा. गूळ काळसर बघून घ्या. तो तुमच्या कोल्हापुरात मिळेल, मला पुण्यात शोधावा लागतो. रमच्या जागी पाणी वाढवायचं नाही, संत्र्याचा रसच पाव लिटर जास्त घाला. आणि सासऱ्यांना साखर असेल तर गूळही तोलूनच.